रबरी बोटीची निगा : पूर येण्याआधीचं काम



आजच्या गप्पांचा विषय एका फोनमुळे सुचला. वडोदऱ्याहून एका मराठी गृहस्थांचा फोन आला. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. त्यांच्या सोसायटीत तळमजला पाण्याखाली गेला होता. पूर ओसरल्यावर सगळ्यांनी वर्गणी काढून एक फुगवायची बोट घेतली. सोबत छोटं इंजिन आणि 12 लाइफ जॅकेटं. मला फार बरं वाटलं. म्हटलं, "वा! छान काम केलंत. बोट ठेवली कुठे आहे?"

"कर्नलसाहेब, गच्चीवर. पाण्याच्या टाकीशेजारी. पट्टीनं बांधून, वर टाकीचं जुनं झाकण ठेवलंय, वाऱ्यानं उडू नये म्हणून."

"केव्हापासून?"

"घेतल्यापासून. म्हणजे आता वर्ष होत आलं."

मी क्षणभर गप्प बसलो. वडोदऱ्याचा उन्हाळा, उघडी गच्ची, वर वजन आणि वर्षभर एकाच घडीत दाबलेलं कापड. त्या बोटीला पूर पाहायची गरजच नव्हती, ती कोरड्या जागीच संपत चालली होती. त्यांचा यात काही दोष नाही. बोट विकणारा चालवायला शिकवतो, ठेवायला कुणी शिकवत नाही. मलाही ते उशिरा कळलं. कसं कळलं, ते आधी सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढच्या गोष्टी तुम्हाला उगाच काटेकोर वाटतील.

माझी एक सही

साल 1988. मी तरुण कॅप्टन होतो आणि आमची तुकडी आसामात होती. कंपनीच्या बोटींचा भार माझ्याकडे होता. मार्च महिन्यात वार्षिक तपासणी असते. गोदामात सहा रबरी बोटी घड्या घालून ओळीनं ठेवलेल्या. आमचे सुभेदारसाहेब साताऱ्याकडचे, माझ्यापेक्षा 20 वर्षांनी मोठे. ते म्हणाले, "साहेब, सगळ्या बाहेर काढून फुगवू या. दोन दिवस लागतील."

मला दुसऱ्या दिवशी रजेवर निघायचं होतं. मी दोन बोटी फुगवून पाहिल्या, दोन्ही उत्तम निघाल्या. उरलेल्या चार तशाच मोजल्या आणि रजिस्टरात लिहिलं, "सहा बोटी तपासल्या, ठीक." खाली सही केली.

त्या वर्षीचा ब्रह्मपुत्रेचा पूर मोठा होता. बांध फुटल्याचा निरोप आला आणि आम्ही दुपारी निघालो. काठावर पोचून बोटी फुगवायला घेतल्या, तर सहापैकी दोन बोटी हवा धरेनात. एका बोटीला उंदरानं घडीच्या कडेला कुरतडलं होतं. घडीत कापडाचे थर एकावर एक असतात, त्यामुळे उंदराचा एकच चावा पण बोट उघडल्यावर भोकं पाच, तीही वेगवेगळ्या जागी. दुसरी बोट आदल्या वर्षी ओलीच गुंडाळलेली. तिची मागची फळी, जिला इंजिन अडकवतात, ती चिकटवलेल्या जागेपासून सुटून आली.

सहाच्या जागी चार बोटी. फेऱ्या वाढल्या, अंधार पडला. बांधाच्या एका तुकड्यावर 40-50 माणसं होती, त्यांना आधी काढलं. वाटेत बांबूच्या खांबांवरचं एक घर लागायचं. छपरावर एक म्हातारा आणि त्याची बायको. आमची बोट भरलेली होती. मी हातानं खूण केली, पुढच्या फेरीला नेतो. म्हाताऱ्यानंही हात वर केला. आम्ही परतलो तेव्हा त्या जागी घर नव्हतं. बाई पहाटे एका झाडाला धरून बसलेली सापडली. म्हातारा सापडला नाही.

माझ्यावर कुणी ठपका ठेवला नाही. एवढ्या पुरात कोण कुणाला विचारतो! पण सहा बोटी असत्या तर त्या घराला पहिल्याच फेरीत एक बोट लागली असती, हे मला माहीत होतं आणि सुभेदारसाहेबांनाही. ते एवढंच म्हणाले, "साहेब, बोट पाण्यात फुटत नाही. गोदामात फुटते."

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत न फुगवलेल्या बोटीवर मी सही केली नाही. आता मूळ विषयाकडे वळतो.

आधी कापड ओळखा

आपण सरसकट "रबरी बोट" म्हणतो, पण आजच्या बोटी मुख्यतः दोन प्रकारच्या कापडाच्या असतात. पहिला प्रकार पीव्हीसीचा. आत पॉलिएस्टरचं विणलेलं कापड आणि दोन्ही बाजूंना पीव्हीसीचा थर. दुसरा प्रकार, ज्याला बाजारात अजूनही हायपलॉन म्हणतात. हायपलॉन हे मुळात ड्यूपाँट कंपनीचं नाव. त्या कंपनीनं ते बनवणं 2010 मध्ये थांबवलं, पण तसंच रबर दुसरे कारखाने बनवतात आणि नाव मात्र तेच चालू राहिलं. त्यात बाहेरून हायपलॉन आणि आतून बहुधा निओप्रीनचा थर असतो.

फरक काय? हायपलॉन ऊन आणि पेट्रोल-ऑइल जास्त सोसतं, पण महाग. पीव्हीसी स्वस्त आणि वजनाला हलकं, पण उन्हात लवकर म्हातारं होतं. आधी चिकट होतं, मग कडक होतं, मग घडीवर तडकतं.

ओळखायचं कसं? खरेदीची पुस्तिका असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर ट्यूबच्या एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात बारीक पॉलिश पेपर हलकेच घासा. हायपलॉनची भुकटी निघते, पीव्हीसीची तशी निघत नाही, ते नुसतं ओरखडतं. पीव्हीसी साधारणतः चकचकीत असतं, हायपलॉनला चकाकी कमी.

हे ओळखणं का महत्त्वाचं? कारण दोघांचं चिकटवण्याचं सोल्युशन वेगळं. पीव्हीसीला पॉलियुरेथेनचं, हायपलॉनला निओप्रीनचं, आणि दोन्ही शक्यतो दोन डब्यांतून मिसळून वापरायचं. सायकलच्या दुकानातलं पंक्चरचं सोल्युशन यांपैकी कुठल्याच कामाचं नाही. त्यानं लावलेलं ठिगळ काठावर छान दिसतं आणि भर पाण्यात सुटतं. म्हणून बोट घेतली की पहिल्याच दिवशी तिच्या पिशवीवर पक्क्या रंगानं कापडाचा प्रकार लिहून टाका. पाच वर्षांनी ठिगळ लावणारा माणूस वेगळा असेल.

हवा किती आणि कशी

मोटारीच्या टायरात साधारण 30 पीएसआय किंवा त्याहून थोडी जास्त हवा असते. बोटीच्या मुख्य ट्यूबला लागते 3 ते साडेतीन पीएसआय, म्हणजे सुमारे 0.20 ते 0.25 बार. टायरच्या दहाव्या हिश्शाइतकी. नेमका आकडा बोटीवरच्या पाटीवर किंवा व्हॉल्व्हजवळ लिहिलेला असतो, तोच प्रमाण. हवेची तळफळी असेल तर तिचा दाब वेगळा आणि बराच जास्त असतो. दोन्हींत गल्लत करू नका.

"एवढीशीच हवा?" असं वाटेल. पण 0.25 बार म्हणजे एका चौरस मीटरवर अडीच टन जोर. ट्यूब जाड, म्हणून कमी दाबही तिला लाकडासारखी ताठ करतो. म्हणूनच पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरनं बोट कधीही भरू नका. काही क्षणांत शिवण उघडेल. पायाचा किंवा हाताचा पंप आणि कमी दाब दाखवणारं मीटर, एवढंच लागतं.

दुसरी गोष्ट भरण्याच्या क्रमाची. बोटीची ट्यूब आतून पडद्यांनी विभागलेली असते, तीन, चार, पाच कप्पे. एक फुटला तरी बाकीच्यांनी तरंगावं म्हणून. आता समजा ट्यूबचा व्यास 45 सेंटिमीटर आहे. एक कप्पा 0.25 बारपर्यंत भरला आणि शेजारचा रिकामा ठेवला, तर मधल्या पडद्यावर जवळजवळ 400 किलोचा एकतर्फी रेटा येतो. हा पडदा फाटला तर बाहेरून काही दिसत नाही. पण चार कप्प्यांची बोट तीन कप्प्यांची झालेली असते आणि तुम्हाला कळतं ते संकटात. म्हणून सगळे कप्पे आधी आकार येईपर्यंत भरा, मग फिरून प्रत्येक अर्ध्या दाबापर्यंत, मग पूर्ण दाबापर्यंत. हवा काढतानाही एक कप्पा पूर्ण रिकामा करून दुसऱ्याकडे जाऊ नका. सगळे थोडे थोडे सैल करत न्या.

तिसरी गोष्ट उन्हाची. पहाटे 25 अंशांत तुम्ही 0.25 बार हवा भरली. दुपारी बोट काठावर उन्हात राहिली आणि आतली हवा 55 अंशांवर गेली, तर दाब सुमारे 0.38 बार होतो. दीडपट! कापड थोडं ताणलं जातं, त्यामुळे प्रत्यक्षात जरा कमी, पण ताण शिवणीवरच येतो. उलटही होतं. दुपारी 40 अंशांत भरलेली बोट 22 अंशांच्या पाण्यात उतरवली की 0.25 चे 0.18 होतात आणि बोट मऊ पडते. लोक म्हणतात गळती आहे. गळती नसते, हवा थंड झालेली असते. म्हणून नियम दोन : काठावर थांबायचं असेल तर थोडी हवा सोडा किंवा बोटीवर ओली गोणपाटं टाका, आणि पाण्यात उतरल्यावर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा मीटर लावून हवा पूर्ण करा.

मऊ बोट चालवणं हे जास्त हवेइतकंच वाईट. ती लाटेवर मधून वाकते, तळफळ्या ट्यूबला चिमटे घेतात, मागच्या फळीचे सांधे हलत राहतात आणि इंजिनाचा जोर वाया जातो.

परत आल्यावरचा पहिला तास

पुराचं पाणी हे नदीचं पाणी नसतं. त्यात गटार असतं, डिझेल असतं, शेतातली खतं आणि औषधं असतात, आणि अतिशय बारीक वाळू असते. बोटीचं आयुष्य ही वाळू खाते. ट्यूब आणि तळाचं कापड जिथे मिळतं त्या खाचेत ती जाऊन बसते आणि तळफळी हलली की पॉलिश पेपरासारखी घासते. वरून बोट धुतली, चकचकीत केली, फळ्या मात्र काढल्याच नाहीत, तर ते धुणं फुकट.

म्हणून परत आल्यावर इतकं करा. बोट फुगलेली असतानाच बाहेरून स्वच्छ गोड्या पाण्यानं धुवा. मग तळफळ्या काढा, खाचांतून पाण्याची धार मारा, पुढचा निमुळता भाग उंच करून सगळी वाळू मागून बाहेर काढा. डागांना कोमट पाणी आणि सौम्य साबण, मऊ ब्रश. रॉकेल, पेट्रोल, ब्लीचिंग पावडर, बाथरूमचं ॲसिड अजिबात नको. आणखी एक मोह टाळा. टायर चमकवायचं सिलिकॉनचं पॉलिश काही लोक बोटीला लावतात. बोट नवी दिसते, पण सिलिकॉन लागलेल्या जागी पुढे ठिगळ धड चिकटत नाही.

मग वाळवणं. सावलीत, वाऱ्यावर, पूर्ण कोरडी होईपर्यंत. खाचेत बोट घालून पाहा, दमटपणा लागतोय का. मागची फळी बहुधा प्लायवुडची असते. तिच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी आत शिरलं की लाकूड आतून कुजतं. महिन्यातून एकदा फळीवर नाण्यानं टकटक करून पाहा. टणक आवाज यायला हवा. भदभद आवाज आला तर फळी कुजली समजा.

घाईच्या दिवसांत वाळवायला वेळ नसतो, हे मला मान्य आहे. रोज पुरात जायचं असेल तर बोट घडी करूच नका. धुऊन, अर्धी फुगलेली, सावलीत उभी ठेवा. ओली घडी हाच खरा गुन्हा आहे.

गळती शोधणं

आधी वेळ नीट पाळा. पहाटे पूर्ण हवा भरा, मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच वेळी पुन्हा पाहा. सकाळ-संध्याकाळ तुलना करू नका, हवामानाचा फरक तुम्हाला फसवेल. सगळे कप्पे थोडे थोडे उतरले तर काळजी नाही. एकच कप्पा इतरांपेक्षा जास्त उतरला, तर तिथे गळती आहे.

मग बादलीत साबणाचं दाट पाणी करून ब्रशनं लावत जा. क्रम असा ठेवा : आधी व्हॉल्व्ह, मग शिवणी, मग बाकीचं कापड. कारण गळतीचं मूळ पुष्कळदा व्हॉल्व्हमध्येच असतं. टोपी काढून व्हॉल्व्हवर साबणपाणी घाला. बुडबुडे आले तर हवा सोडून व्हॉल्व्ह उघडा, बहुतेक वेळा रबरी चकतीखाली वाळूचा एखादा कण अडकलेला असतो. स्वच्छ पुसला की गळती बंद. नुसत्या टोपीच्या भरवशावर राहू नका.  व्हॉल्व्ह उघडायचा खास पाना बोटीसोबत येतो, तो दोरीनं पंपाला बांधून ठेवा. हरवतो तो हाच.

भोक सापडलं की पेन्सिलीनं त्याभोवती गोल करा. साबण पुसल्यावर ते पुन्हा सापडत नाही.

आणि बाहेर कुठेच बुडबुडा नाही, पण एक कप्पा भरताना शेजारचाही फुगतो आहे, असं दिसलं तर मधला पडदा गेला आहे. ते घरचं काम नाही. बोट कारखान्यात पाठवा आणि तोवर वापरू नका.

ठिगळ लावण्याचा हंगाम

आता एक गोष्ट सांगतो जी पुष्कळांना पटत नाही. ठिगळ पावसाळ्यात लावू नका. सोल्युशनमधला द्रव उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. डोळ्यांना दिसत नाही, पण ठिगळाखाली पाण्याचा पापुद्रा तयार होतो. ते ठिगळ आठवड्यात सुटतं. आपल्या देशात बोटीच्या दुरुस्तीचा काळ म्हणजे हिवाळा ते चैत्र. कोरडी हवा, 20-25 अंश तापमान, सकाळी दहानंतरची वेळ. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी खोलीत करावं, पण पावसाच्या दिवशी नको.

पद्धत अशी. बोट पूर्ण रिकामी करून तो भाग सपाट फळीवर पसरा. ठिगळ बोटीच्याच कापडाचं, भोकाच्या सगळ्या बाजूंनी 5 सेंटिमीटर पुढे येईल एवढं कापा. कोपरे गोल करा, कारण टोकदार कोपरा आधी उचकटतो. जागा पेन्सिलीनं आखा. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरनं खरवडा, पण आतले धागे उघडे पडेपर्यंत नाही. सोल्युशनच्या डब्यावर सांगितलेल्या द्रवानं पुसा, आणि त्यानंतर बोटसुद्धा लावू नका, कातडीचं तेल लागतं. मग सोल्युशनचा पातळ थर, तो सुकू द्या. दुसरा थर, तोही हाताला किंचित चिकट लागेपर्यंत थांबा. लोक चुकतात ते इथेच. एकच जाड थर लावतात आणि लगेच दाबतात. आतला द्रव अडकतो आणि फुगे येतात. पातळ थर आणि धीर, दोन्ही हवं. मग ठिगळ मध्यापासून कडेकडे दाबत न्या. घरातलं लाटणं या कामाला उत्तम, फक्त घरी विचारून घ्या.

त्यानंतर निदान 24 तास, जमलं तर तीन दिवस, हवा भरू नका. शिवणीवरची फाट, मागच्या फळीचा सांधा किंवा हाताच्या बोटापेक्षा लांब चीर असेल तर घरी प्रयोग करू नका.

ठेवायची कशी

सगळ्यांत चांगलं, जागा असेल तर अर्धी फुगवून, सावलीत, लाकडी मांडणीवर. सोसायटीत एवढी जागा नसते, मग गुंडाळून. पूर्ण कोरडी झाल्यावर शंखजिऱ्याची पावडर शिंपडा, म्हणजे थर एकमेकांना चिकटत नाहीत. घडी सैल घाला. दर तीन-चार महिन्यांनी उघडून वेगळ्या जागी घडी घाला. एकाच रेषेवर वर्षानुवर्षं दुमडलेलं कापड तिथेच तडकतं. आपल्या आज्या पैठणीची घडी का बदलत, तेच कारण.

वर वजन ठेवू नका. थेट फरशीवर ठेवू नका, खाली लाकडी फळी. पेट्रोलचा डबा आणि इंजिन त्याच खोलीत बोटीला लागून नको. आणि उंदीर. बोटीत खिचडीची शितं, बिस्किटांचा चुरा राहिला असेल तर उंदराला आमंत्रणच. मदतकार्याहून आलेल्या बोटीत हे हमखास असतं. पत्र्याची पेटी किंवा छताला टांगलेली मांडणी, दोन्हींपैकी एक करा आणि महिन्यातून एकदा बघा.

बोट ओढू नका. सहा जणांनी दोऱ्या धरून उचला. खडीवरून 50 मीटर ओढलेली बोट वर्षभराच्या पाण्याइतकी झिजते.

इंजिनाबद्दल थोडं

बोट धड आणि इंजिन बंद, तर बोट म्हणजे वाहता ओंडका. प्रत्येक वापरानंतर इंजिन स्वच्छ पाण्याच्या पिंपात बुडवून पाच-दहा मिनिटं चालवा. बाजूच्या छोट्या भोकातून पाण्याची धार सतत यायला हवी. धार नसेल तर ताबडतोब बंद करा. आत गाळ अडकलाय किंवा पाणी खेचणारं रबरी चक्र फाटलंय. कोरडं चालवलेलं इंजिन काही मिनिटांत जळतं. पंख्याला प्लास्टिक, साडीचा तुकडा, मासेमारीचं जाळं गुंडाळलेलं आहे का ते पाहा. खालच्या पेटीतलं गिअर ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी शिरलं आहे.

पेट्रोलचं आणखी एक. आता आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. सहा महिने टाकीत पडलेलं पेट्रोल ऐन वेळी दगा देतं. पावसाळा संपला की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा, ते पेट्रोल लगेच वापरून टाका. टू-स्ट्रोक इंजिन असेल तर ऑइलचं प्रमाण पुस्तिकेप्रमाणेच. पुष्कळांना 50 ला 1 लागतं, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर. अंदाजानं ओतू नका. आणि इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधल्याशिवाय निघू नका. माणूस पाण्यात पडला तर इंजिन थांबलंच पाहिजे.

बोट आणि माणसं

माझं लहानपण कृष्णाकाठी गेलं. पुरात गुऱ्हाळाची काहील पाण्यात लोटून, तिच्यात बायका-पोरं बसवून पलीकडे नेताना मी पाहिलं आहे. भोपळ्यांची सांगडही पाहिली. ती माणसं आपल्या साधनाची मर्यादा ओळखून होती. काहिलीत किती बसतात यावर वाद होत नसे. नव्या बोटीवर पाटी असते, किती माणसं, किती किलो. त्यात माणूस साधारण 75 किलोचा धरलेला असतो. ओले कपडे, ट्रंक, शेळी धरलेली नसते. 2019 च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला जास्त माणसं भरलेली नाव उलटली आणि कितीतरी घरांत अंधार झाला. भीतीनं लोक बोटीवर तुटून पडतात, त्यांना दोष देता येत नाही. "एवढेच, बाकीचे पुढच्या फेरीला" हे म्हणणारा एक खमक्या माणूस आधीच नेमलेला हवा. आणि पुढची फेरी खरंच यायला हवी असेल, तर वर सांगितलेलं सगळं व्हायला हवं.

म्हणून सोसायटीला माझा सल्ला असा. एक वही करा. मार्चमध्ये पूर्ण फुगवून 24 तासांची चाचणी, दुरुस्त्या चैत्र संपायच्या आत. मेच्या अखेरीस पाण्यात उतरवून सराव, इंजिनासह. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हवा आणि इंजिन. दिवाळीनंतर धुणं, वाळवणं, शंखजिरं, घडी. प्रत्येक वेळी तारीख, कप्प्यांचे आकडे आणि सही. सही त्यानंच करायची ज्यानं स्वतः मीटर पाहिलं.

वडोदऱ्याच्या गृहस्थांचा 15 दिवसांनी पुन्हा फोन आला. बोट खाली आणली, फुगवली. एका घडीवर बारीक तडे सापडले, एका व्हॉल्व्हची चकती कडक झाली होती. तडे कारखान्यात दाखवले, चकती बदलली. बोट आता जिन्याखालच्या खोलीत, लाकडी फळीवर आहे. "कर्नलसाहेब, सहा मुलं नेमली आहेत. वहीत पहिली सही माझी."

मी विचारलं, "सगळे कप्पे स्वतः पाहिलेत?"

"चारही. दोन्ही पहाटे."

मग काळजी नाही, म्हटलं. पुढच्या भागात लाइफ जॅकेटबद्दल बोलू. तोवर तुमच्या घरात, सोसायटीत, गावात बोट असेल तर या रविवारी एकदा उघडून बघा. नमस्कार.